बारा हजारांची अप्रेंटिसशिप की पंच्याऐंशी हजारांचा क्लास?

ताई, मी बार्शीची. सोलापूर विद्यापीठातून यंदा बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स झाले. पुण्यातल्या एका मध्यम आकाराच्या सॉफ्टवेअर कंपनीने त्यांच्या क्लाउड-डेव्हऑप्स टीममध्ये (सॉफ्टवेअर सर्व्हरवर चढवून चालतं ठेवणारी टीम) एक वर्षाच्या अप्रेंटिसशिपसाठी माझी निवड केली आहे. करार ‘नॅट्स’च्या, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रशिक्षण योजनेच्या, पोर्टलवर होणार, स्टायपेंड महिना १२,०००. दुसरीकडे पुण्यातलाच एक क्लास सहा महिन्यांत डेव्हऑप्स शिकवून ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ देतो म्हणतो. फी ८५,०००, त्यातले २,००० टोकन म्हणून भरून बसले आहे. बाबा सोयाबीनच्या पैशांतून बाकीचे द्यायला तयार आहेत. मामा म्हणतात, अप्रेंटिस म्हणजे आयटीआयची पोरं एसटीच्या वर्कशॉपमध्ये करतात ते, पदवी घेऊन ते कशाला? माझं कोडिंग बेताचंच आहे. पुण्यात बारा हजारांत भागेल का, हेही कळत नाही. काय करू?
— स., बार्शी

स.,

माझा कल कंपनीकडे आहे, आणि क्लासला तर माझा नकारच. पण कंपनीला होकार कळवण्याआधी चार गोष्टी विचारून घ्यायच्या आहेत. त्यांची उत्तरं गुळमुळीत आली तर माझं मत बदलेल, म्हणून पत्र शेवटपर्यंत वाच.

आधी मामांचं बघू. त्यांचं म्हणणं हवेतलं नाही. अप्रेंटिस कायदा १९६१ चा, आणि आपल्याकडे तो फिटर, टर्नर, वायरमन, रेल्वेचं वर्कशॉप, एसटीचा डेपो यांच्याशीच जोडला गेला. पण १९७३ च्या दुरुस्तीने पदवी आणि पदविकावाले इंजिनिअर त्यात आले, आणि २०१४ च्या दुरुस्तीने तुझ्यासारख्या इंजिनिअरिंगबाहेरच्या पदवीधरांनाही दार उघडलं. तू ज्या पोर्टलबद्दल लिहिलंस ते पदवी-पदविकाधारकांचं. आपल्या भागासाठी त्याचं काम मुंबईला सायनला असलेलं बोर्ड ऑफ अप्रेंटिसशिप ट्रेनिंग बघतं, आणि वर्ष पूर्ण झाल्यावर सरकारी प्रमाणपत्र मिळतं. इंग्लंडमध्ये तर ‘डेव्हऑप्स इंजिनिअर’ याच नावाची अप्रेंटिसशिप आहे, रीतसर अभ्यासक्रम आणि शेवटी परीक्षा असलेली. आपल्याकडे नाव तितकं नेमकं नसलं तरी काम तेच मिळू शकतं. आणि मामांना हेही सांग की एसटीच्या वर्कशॉपमधला पोरगा उस्तादाच्या शेजारी उभा राहून चालू गाडीचं इंजिन उघडतो, तसंच काहीसं तुला हवं आहे. त्यांच्या टोमण्यातच निम्मं उत्तर आहे.

आता असं का, ते जरा सविस्तर सांगते, कारण क्लासवाला तुला याच्या बरोबर उलटं पटवणार.

समज, सकाळचे सव्वानऊ. टिकिट, म्हणजे तक्रारीची नोंद, येतं: वेबसाइट ऑर्डर घेत नाहीये. तू सर्व्हरवर लॉगिन होतेस. ‘डीएफ’ कमांड सांगते, १०० जीबीची डिस्क पूर्ण भरली. शोधाशोध केल्यावर चाळीस जीबीची एक लॉग फाइल (अ‍ॅप्लिकेशन जिथे घडलेलं सगळं नोंदवत जातं ती) सापडते. तू ती उडवतेस आणि खूश होतेस. पुन्हा ‘डीएफ’ मारतेस, तरी डिस्क भरलेलीच. ‘डीयू’ने सगळे फोल्डर मोजलेस तर बेरीज साठच. मग चाळीस गेले कुठे? शेजारचा सीनियर खुर्चीही न वळवता म्हणतो, “एलएसओएफ बघ.” ही कमांड उघड्या फाइलींची यादी देते. त्या यादीत तीच फाइल निघते, पुढे ‘डिलीटेड’ असं लिहिलेली, आणि अ‍ॅप्लिकेशनने ती अजून उघडी धरलेली. लिनक्समध्ये फाइलचं नाव पुसलं तरी कुठली प्रोसेस ती धरून बसली असेल तर जागा सुटत नाही. प्रोसेस रीस्टार्ट केली की चाळीस जीबी मोकळे, ऑर्डर सुरू. पुढच्या वेळी चालू लॉग उडवायचा नाही, जागेवरच रिकामा करायचा, हे तुला आता कुणी सांगावं लागणार नाही. मग सीनियर खरा प्रश्न विचारतो: लॉग रोटेशन, म्हणजे जुने लॉग ठरावीक वेळाने आपोआप काढून टाकणं, का चाललं नाही? आणि डिस्क ऐंशी टक्क्यांवर गेली तेव्हाच अलर्ट का नाही आला? त्या दोन प्रश्नांची उत्तरं शोधून दुपारपर्यंत दुरुस्ती कोडमध्ये लिहायची, ती तपासून घ्यायची आणि सगळ्या सर्व्हरवर एकदम लावायची. डेव्हऑप्सचं काम बहुतांशी हे असतं.

हे सगळं क्लासमध्येही शिकवता येईल. पण क्लासच्या सर्व्हरवर ऑर्डर येत नसतात, त्यामुळे त्या बंदही पडत नाहीत. तिथे डॉकर, कुबरनेटिस, टेराफॉर्म, जेनकिन्स अशी हत्यारं एकामागून एक दाखवतात. प्रत्येकाचा ‘हॅलो वर्ल्ड’ होतो, तो रेझ्युमेवर चढतो. मी मुलाखती घेते तेव्हा असे रेझ्युमे रोज समोर येतात. वरचा डिस्कचा प्रश्न विचारला की पहिल्या दोन मिनिटांतच समजतं, हा माणूस कधी अडकलेल्या सर्व्हरसमोर बसला आहे की नाही.

आणखी एक प्रसंग वाच, गिटलॅब या कोड साठवायची सेवा देणाऱ्या कंपनीतला. त्यांनी स्वतःच तो सगळा उघड लिहून ठेवला आहे. ३१ जानेवारी २०१७ ला तिथला दुय्यम डेटाबेस सर्व्हर, म्हणजे मूळ सर्व्हरची चालती प्रत, मागे पडला होता. तो पुन्हा जोडून घेण्याच्या खटपटीत रात्री उशिरा एका इंजिनिअरने त्याच्यावरची डेटाची डिरेक्टरी पुसायची कमांड दिली, आणि ती चालली मूळ सर्व्हरवर. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं, त्याने थांबवली, तोवर सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले होते. मग बॅकअपची शोधाशोध. रोजचा बॅकअप घेणारा प्रोग्रॅम पोस्टग्रेस या डेटाबेसच्या ९.२ आवृत्तीचा आणि डेटाबेस ९.६ चा, त्यामुळे बॅकअप होतच नव्हता. तो होत नसल्याचे ईमेल सुटत होते, पण मेल सर्व्हर ते नाकारत होता. बॅकअप जिथे साठायचे ती क्लाउडवरची जागा रिकामी. शेवटी त्याच इंजिनिअरने साधारण सहा तास आधी हाताने घेतलेला एक स्नॅपशॉट, म्हणजे डेटाची त्या क्षणाची प्रत, कामी आला. मधल्या सहा तासांतलं जे गेलं ते गेलंच. दुरुस्तीचं काम त्यांनी यूट्यूबवर लाइव्ह दाखवलं, आणि नंतरच्या अहवालात त्या माणसाचा उल्लेख फक्त ‘टीम मेंबर १’ असा केला.

या अहवालात कुणी केलं यावर वेळ घालवलेला नाही. हे होऊच कसं शकलं, याच्या मागे ते लागले. चांगल्या टीममध्ये हेच बघायचं असतं, आणि तुला जायचंय ती टीम तशी आहे का, हे आधीच ताडता येतं. म्हणून ते चार प्रश्न.

पहिला आणि सगळ्यात मोठा: मला शिकवणार कोण? नाव सांगा, आणि त्यांच्याकडे एकूण किती अप्रेंटिस आहेत तेही. “आमची सगळी टीमच तुला मदत करेल” हे उत्तर आलं तर समज, कुणीच करणार नाही. सगळ्यांचं काम ते कुणाचंच नसतं, हे आपल्याकडे सोसायटीच्या मीटिंगला गेलेल्या कुणालाही माहीत आहे. दुसरा: कितव्या महिन्यापासून माझा बदल, कुणीतरी तपासून, खऱ्या सिस्टमवर जाईल? तिसऱ्या-चौथ्या महिन्यात छोटे बदल जायला लागले तर उत्तम. वर्षभर नुसता डॅशबोर्ड बघून, लाल झालं की दुसऱ्याला फोन करायचा असेल, तर त्याला डेव्हऑप्स म्हणू नये. ती स्क्रीनवरची राखण झाली. तिसरा: बिघाड झाल्यावर लेखी आढावा घेता का, आणि मला त्यात बसता येईल का? चौथा: गेल्या वर्षीचे अप्रेंटिस आता कुठे आहेत? त्यांच्यातल्या एकाशी पाच मिनिटं फोनवर बोलायला मिळेल का, एवढं विचार. ज्यांना लपवायचं नसतं ते लगेच नंबर देतात.

विचारायला संकोचू नकोस. आपल्याकडच्या कॉलेजांत प्रश्न विचारणं म्हणजे उद्धटपणा असं मुलींच्या डोक्यात इतकं बसवलेलं असतं की पहिली नोकरी लागेपर्यंत तोंड उघडत नाही. एक नम्र ईमेल लिही, मराठीतून आधी कच्चा, मग इंग्रजीतून. एवढ्या प्रश्नांनी ऑफर मागे घेणारी कंपनी असेल तर बरंच झालं म्हण.

हे आत्ताच विचारायचं, कारण पदवीनंतरची ही अप्रेंटिसशिप एकदाच करता येते. एक केली की दुसरी नाही, आणि वर्षभर किंवा त्याहून जास्त नोकरी केलीस तरी पात्रता जाते. म्हणजे चुकीच्या ठिकाणी हे वर्ष घालवलं तर परत मिळणार नाही.

आता पैसे. २०१९ च्या नियमांनी पदवीधर अप्रेंटिसचा किमान स्टायपेंड महिना ९,००० ठरला, आणि किमान स्टायपेंडचा निम्मा वाटा या योजनेत केंद्र सरकार उचलतं. २०२५ मध्ये केंद्रीय अप्रेंटिसशिप परिषदेने हे आकडे ३६ टक्क्यांनी वाढवायची शिफारस केली. म्हणून सही करायच्या दिवशी चालू किमान किती आहे ते पोर्टलवर बघून घे, तुझे १२,००० त्याच्या खाली जाता कामा नयेत. बँक खातं आधारला जोडलेलं ठेव, नाहीतर सरकारचा वाटा अडकतो.

पुण्यात भागेल का? जेमतेम. ऑफिसच्या जवळ कॉट बेसिसवर राहिलीस आणि मेस लावलीस तर नऊ-दहा हजार त्यातच जातील असं धर. वर बसपास, मोबाइल, महिन्या-दोन महिन्यांनी बार्शीची एसटी. शिल्लक पडणार नाही. ऑफिस हिंजवडीत असेल तर मैत्रीण कोथरूडला राहते म्हणून तिकडे जाऊ नकोस, रोजचे तीन तास रस्त्यावर जातील आणि संध्याकाळचा अभ्यास बुडेल. खोलीचं डिपॉझिट आणि पहिला पगार हाती येईपर्यंतचा खर्च यासाठी बाबांकडून वीसेक हजार लागतील. सोयाबीनचे पैसे खर्च करायचेच असतील तर ते इथे कर. जुना लॅपटॉप असेल तर त्याची रॅम वाढव.

कायद्याची बाजू थोडक्यात. अप्रेंटिस म्हणजे कर्मचारी नाही. पीएफ कापला जात नाही, आणि वर्ष संपल्यावर नोकरी द्यायचं बंधन कंपनीवर नाही, करारात तसं लिहिलेलं असल्याखेरीज. सरकारी अप्रेंटिसशिप सल्लागाराच्या परवानगीशिवाय ओव्हरटाइम करवून घेता येत नाही, हे लक्षात ठेव. “डेव्हऑप्समध्ये रात्रीचे कॉल असतातच” असं म्हणून रोज रात्री बसवू लागले तर बोलायचा हक्क तुला आहे. अधूनमधून सीनियरच्या ऑन-कॉलमध्ये (बिघाडाचा फोन आला की धावायच्या पाळीत) शेजारी बसून बघणं वेगळं, त्यात शिकायला भरपूर मिळतं, घरी पोचवायची सोय मात्र आधी विचार. करार पोर्टलवर खरंच नोंदला गेला ना, ते तुझ्या लॉगिनमधून बघ. काही कंपन्या बोलताना अप्रेंटिसशिप म्हणतात आणि हातात इंटर्नशिपचं साधं पत्र देतात. राज्य सरकारची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनाही वेगळी, ती अप्रेंटिस कायद्याखालची नाही, आणि एचआरच्या बोलण्यात या सगळ्याची खिचडी होते. मूळ मार्कशीट कुणाकडेही जमा करायची नाही. दाखवायची, झेरॉक्स द्यायची, परत घ्यायची.

क्लासबद्दल एवढा कडक नकार का, ते सांगते. शिकवणं वाईट असेलच असं नाही. पण ‘शंभर टक्के प्लेसमेंट’च्या कागदावरची बारीक अक्षरं वाच. बहुतेक वेळा तिथे ‘प्लेसमेंटसाठी साहाय्य’ असं असतं, म्हणजे तुझा रेझ्युमे चार ठिकाणी पाठवणं. याहून वाईट म्हणजे काही ठिकाणी, “फ्रेशरला डेव्हऑप्समध्ये कोण घेतं? आपण तीन वर्षांचा अनुभव दाखवू,” असं सांगून बनावट अनुभवपत्र देतात. तुझ्या क्लासने असं सुचवलं असेल तर तिथे पाऊलही टाकू नकोस. कंपन्या पार्श्वभूमी तपासतात, पीएफच्या नोंदीतून कुणी कधी कुठे काम केलं ते निघतं, आणि पकडलं गेलेलं माणूस रुजू झाल्यावरही काढलं जातं. गंमत अशी की त्यांच्या त्या वाक्याचा पहिला भाग खरा आहे. थेट फ्रेशरला डेव्हऑप्समध्ये कमी ठिकाणी घेतात, कारण चालू सिस्टमच्या किल्ल्या नवख्याच्या हातात द्यायला कुणी धजावत नाही. या क्षेत्रातली पुष्कळ माणसं लिनक्स अ‍ॅडमिन, सपोर्ट किंवा टेस्टिंगमधून इकडे आली आहेत. म्हणून तर देखरेखीखाली किल्ल्या हातात देणारं एक वर्ष मोलाचं. टोकनचे २,००० लेखी ईमेल करून परत माग. आले तर आले.

कोडिंग बेताचं असल्याचं म्हणालीस. “कोडिंग येत नाही? मग डेव्हऑप्स करा” अशी जाहिरात असते, तिच्यावर जाऊ नकोस. नवीन अ‍ॅप्लिकेशन लिहावं लागणार नाही, पण दुसऱ्याने लिहिलेलं वाचून ते का कोसळलं हे समजावं लागतं. तीस-चाळीस ओळींची बॅश स्क्रिप्ट आणि शंभर ओळींचं पायथन न घाबरता लिहिता यायला हवं. तू बी.एस्सी.ला सी आणि डेटा स्ट्रक्चर केलंस, तेवढ्या पायावर हे सहा महिन्यांत होतं. एआयला विचारून सेटिंग्ज लिहायच्या यामल फाइली आता कुणीही लिहून घेतं, तूही घे. फक्त त्यातली प्रत्येक ओळ काय करते हे सांगता येत नसेल तर ती चालू सिस्टमवर सोडायची नाही.

रुजू व्हायला महिनाभर तरी असेल. लॅपटॉपवर उबंटू लिनक्स टाक आणि रोजची कामं त्यातच कर, चित्रपट बघायलाही विंडोजकडे जाऊ नकोस. कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं गिट हात बसेपर्यंत वापर. मग एकच छोटं अ‍ॅप घे, गावातल्या मेडिकल दुकानाच्या उधारीचं असलं तरी चालेल. ते डॉकरमध्ये बसव, समोर एनजिनएक्स हा वेब सर्व्हर ठेव, एचटीटीपीएस लाव, कोड पुश केला की आपोआप चाचणी होऊन वर जाईल असं कर. डेटाबेसचा बॅकअप घे. नंतर तो डेटाबेस मुद्दाम पुसून टाक आणि बॅकअपमधून परत आणून दाखव. पहिल्यांदा बहुधा येणार नाही. गिटलॅबचा अहवाल त्या दिवशी पुन्हा वाच, जास्त समजेल. कुबरनेटिस आत्ता बाजूला ठेव. नेटवर्क आणि डीएनएस कच्चं असताना कुबरनेटिसला हात घातला की माणूस कमांड पाठ करत बसतो. क्लाउडवर खातं उघडलंस तर पहिल्याच दिवशी खर्चाचा अलर्ट लाव आणि झोपण्यापूर्वी चालू केलेली मशीन बंद कर. क्लाउडची गुप्त की चुकूनही गिटहबवर जाऊ देऊ नकोस. असल्या किल्ल्या हुडकणारे बॉट तिथे सतत फिरत असतात, आणि तुझ्या खात्यावर दुसराच कुणी मशीन चालवून बिल तुझ्या नावावर फाडतो.

ऑफिसात एखाद्या गोष्टीवर अर्धा तास अडलीस की विचार. पण “चालत नाहीये” असं म्हणू नकोस. काय करून पाहिलं, काय एरर आली, तुला काय वाटतं, हे तीन वाक्यांत लिहून विचार. इंग्रजीची धास्ती असेल तर हे तर आणखी सोपं, कारण बिघाडाच्या चॅनेलवर कुणी निबंध लिहीत नाही. “डिस्क भरली, लॉग रोटेशन बंद होतं, सुरू केलं, तासाभराने पुन्हा बघते” एवढं इंग्रजीतून लिहिता आलं की काम भागलं. रोज काय मोडलं, कशामुळे आणि कशाने सुटलं, हे स्वतःच्या वहीत मराठीतून लिही. वर्षाअखेर मुलाखतीत सांगायला तुझ्याकडे खऱ्या गोष्टी असतील.

नवव्या महिन्यात मॅनेजरला सरळ विचार की पुढे घेणार का. उत्तर काहीही असो, त्याच आठवड्यात बाहेर अर्ज सुरू कर. डेव्हऑप्ससोबत क्लाउड सपोर्ट, लिनक्स अ‍ॅडमिन, साइट रिलायबिलिटी ही नावंही शोध, कामं एकमेकांत मिसळलेली असतात. परीक्षा द्यायचीच झाली तर रेड हॅटची आरएचसीएसए किंवा कुबरनेटिसची सीकेए दे. त्यात पर्यायांवर टिक करायची नसते, समोरच्या मशीनवर काम करून दाखवावं लागतं. फी बरीच आहे, म्हणून स्टायपेंडमधून भरू नकोस. कंपनी भरते का ते आधी विचार, पुष्कळ कंपन्या भरतात आणि अप्रेंटिसला ते कुणी सांगत नाही.